सरांचं दुसरं मोताळा

सर रस्त्यानं निघाले की त्यांचे ओठ हलायचे आणि उजव्या हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, एकेक मणी सरकायची. मोताळ्याच्या बाजारातले लोक त्यांना वाट करून द्यायचे. एक कापडवाला तर हातातला चहा खाली ठेवून उभाच राहायचा. माणूस अल्लाहचं नाव घेत चाललाय, आपण गादीवर कसं बसून राहायचं, असं त्याचं म्हणणं. सर पावलं मोजत असायचे. बसस्टँडच्या कोपऱ्यापासून मशिदीच्या पायरीपर्यंत किती, तिथून उर्दू शाळेच्या फाटकापर्यंत किती. शंभर पावलं झाली की एक मणी. हे मला ठाऊक होतं आणि त्यांच्या बायकोला, आमच्या चाचीजानला, ठाऊक होतं. आम्ही दोघींनी तोंडातून ब्र काढला नाही. गावात सरांची तेवढीच इज्जत शिल्लक होती.

नोकरी संपल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर मांडून क्लास काढला होता. मी बारावी करून घरी बसले होते, म्हणजे लोकांच्या भाषेत बसले होते. खरं तर मला बसवत नव्हतं. दिवसातून दहा वेळा दारापर्यंत जायचं, बाहेर बघायचं, परत यायचं. अम्मीनं वैतागून मला क्लासला घातलं. दोन महिन्यांत सर म्हणाले, आता तू शिकव, मी जरा फिरून येतो. तेव्हापासून मी शिकवत होते आणि ते फिरत होते.

त्यांनाही बसवत नसे. त्या बाबतीत आमचं जमलं. चहा ते चालत प्यायचे. लग्नाच्या दस्तरख्वानावर दोन घास खाऊन उठायचे आणि मांडव किती लांब-रुंद आहे ते पाहून यायचे. काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, 'मोजलं काय?' माझ्या मामेबहिणीला अमडापूरचं स्थळ आलं तेव्हा मी आनंदानं सांगायला गेले, तर तेच. काय मोजायचं, मी विचारलं. मुलाच्या घरापासून पाण्याचा नळ किती दूर आहे ते, सर म्हणाले. मुलाचा पगार, शिक्षण, स्वभाव सगळ्यांनी विचारला होता. नळ कुणी विचारला नव्हता. तो खरंच लांब निघाला आणि बहीण आजही सरांचं नाव काढते.

उर्दू शाळेतल्या पोरांना मराठी शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. फळ्यावर पुस्तकातली मराठी, आणि खडू खाली ठेवला की अस्सल वऱ्हाडी. तपासणीला आलेल्या एका साहेबानं नाक मुरडून विचारलं होतं की तुम्ही मुलांना अशी मराठी शिकवता का. सर म्हणाले, 'शिकोतो तुमची, बोलतो आमची.' साहेबानं शेरा काय लिहिला ते सरांनी कधी सांगितलं नाही.

तर ही मोजणी चालली होती ती दुसऱ्या मोताळ्यासाठी. आमच्याकडची बरीच पोरं बाहेर असतात, कुणी सुरतेला, कुणी भिवंडीला, कुणी सौदीत दमामला. सोशल मीडियाच्या मोठ्या साइटींवर सगळी होतीच. सरांनीही तिथं खातं काढलं आणि पंधरा दिवसांत बंद केलं. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशा लोकांशी आपली पोरं दिवसभर धर्मावरून भांडतात, आणि एखाद्या पोरीनं फोटो लावला तर दुसऱ्या दिवशी तो भलत्याच्याच हातात असतो, हे पाहून ते अस्वस्थ झाले होते. कॉम्प्युटरच्या मागे-पुढे येरझारा घालत मला म्हणाले, 'तिथं गर्दी हाये बाई, शेजार नाही. शेजार असता तर मानूस असा वागला नसता.'

मग त्यांनी शेजार बांधायला घेतला. ठोकळे मांडून घरं, गल्ल्या, झाडं उभी करता येतात असा एक फुकटचा प्रोग्राम त्यांना सापडला होता. फोनवरून त्यात शिरायचं आणि बोटानं चालायचं. सरांनी त्यात मोताळ्याची आमची बाजू पावलापावलानं मोजून बांधली. ज्यानं यावं त्यानं नाव लिहावं, सलाम करावा आणि आपल्या घराच्या दाराचा फोटो द्यावा. तोंडाचा नाही. दाराचा. त्यामुळे बुजुर्गांना हरकत घ्यायला जागा राहिली नाही आणि बायका बिनधास्त आल्या. हिरवं दार, पत्र्याचं दार, नुसती चौकट, अशी माणसं ओळखू येऊ लागली. दोन भाऊ एकाच दारावरून भांडत आले. वाटणीत दार एकाला आणि खिडकी दुसऱ्याला गेली होती. सरांनी दुसऱ्याला खिडकीचा फोटो लावून दिला. दमामच्या एका पोरानं कळवलं की मी कॅम्पात दहा जणांत राहतो, माझ्या पलंगाला चादरीचा पडदा आहे फक्त. मी म्हणाले, याच्या आईच्या घराचं दार लावू. सर म्हणाले, 'मानूस ज्याच्या मांगं झोपते ते त्याचं दार.' पडद्याचा फोटो लागला. निळ्या चौकटीची चादर होती.

कुणाच्या घरी जाताना तीनदा परवानगी मागावी आणि उत्तर आलं नाही तर राग न धरता परत फिरावं, ही आमच्याकडची जुनी तालीम, धर्माची शिकवण. सरांनी ती जशीच्या तशी तिथं घातली. कुणाच्याही दारावर तीनदाच टकटक करता यायची. नाही उघडलं तर ते दार तुमच्यासाठी वर्षभर बंद. एका उतावळ्या पोरानं सख्ख्या काकाच्या दारावर एका मिनिटात तीनदा टकटक केली. काका तेव्हा नमाजला उभा होता. पोरगा रडकुंडीला येऊन क्लासात आला, सर, एवढ्या वेळ उघडून द्या. सरांनी त्याला दाराबाहेर नेलं आणि गल्लीकडे बोट दाखवलं. 'काका तुह्या घराच्या मांगं राह्यते. पायानं जाय.'

आवडलं-नावडलं असलं काही तिथं नव्हतं. तीन बटणं होती. एक माशाअल्लाहचं, एक दुआचं, आणि तिसऱ्यावर लिहिलेलं, 'हे घरी जाऊन बोला'. वाद पेटला की कुणीतरी तिसरं दाबायचं, मग दुसरा, मग तिसरा. पाच जणांनी दाबलं की ते बोलणं बंद. निवडणुकीच्या दिवसांत हे बटण एवढं दाबलं गेलं की त्या गावात कुणी कुणाशी बोलेना.

आणि तिथला सूर्य मोताळ्याचा होता. हा सरांचा सगळ्यात मोठा हट्ट. मोताळ्यात मगरीबची, सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ झाली की त्या गावातही अंधारायचं, गल्ल्यांतले दिवे लागायचे आणि दहा मिनिटं कुणाला काही लिहिता यायचं नाही. दमामवाल्यांच्या तेव्हा ड्युट्या चालू असायच्या. त्यांनी तक्रार केली की आमच्या वेळेनंही काही ठेवा. सरांनी मला उत्तर टाइप करायला लावलं: 'तुम्ही मोताळ्यात आले का आम्ही दमामले आलो?' एका ईदला, तिकडे चांद आधी दिसला म्हणून, तिकडच्या पोरांनी आमच्या आदल्या दिवशीच सगळ्या गल्लीत झेंड्या लावल्या. सरांनी एकूण एक उतरवल्या आणि चौकात पाटी लावली की इथं अजून रोजा आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला भाजीपाला पिकवणारे एक काका राहायचे, माळकरी माणूस. त्यांनी एक दिवस येऊन विचारलं की तुमच्या त्या गावात सगळी गल्ली आहे म्हणता, मग माझं घर काऊन नाही? सर थांबले. चालता चालता थांबले, हे मी दोन-तीनदाच पाहिलं. मुसलमानांसाठी बांधलेलं गाव होतं ते, पण पावलं मोजताना काकांच्या घरापाशी वीस पावलांची रिकामी जागा सुटली होती आणि ती सरांनाही खुपत असावी. त्याच दुपारी त्यांनी काकांच्या दाराचा फोटो काढला, तोरणासकट. काका रोज सकाळी तिथं रामराम लिहायचे आणि सगळ्यांना उत्तर द्यावं लागायचं, कारण आलेल्या सलामाचं उत्तर दिल्याशिवाय पुढं काही लिहिताच येत नसे.

ते गाव आता नाही. ज्यांच्या फुकटच्या जागेवर ते उभं होतं त्यांनी जागा विकत घ्या म्हणून सांगितलं, आणि मग तो प्रोग्रामच बंद झाला. सर मुलाकडे अकोल्याला गेले. चाचीजान फोनवर सांगते की तिकडेही तसबीह घेऊन निघतात आणि तिकडचे लोकही वाट करून देतात. मी इथंच आहे. क्लास आता माझा आहे. पण सरांची आठवण आली की मला ती दारं किंवा बटणं आठवत नाहीत. कबरस्तान आठवतं.

आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नाहीत. यावर जाणकारांची वेगवेगळी मतं आहेत, मी वाचली आहेत. पण आमच्याकडे नाही जात म्हणजे नाही जात. जनाजा दारातून निघतो तिथवर बायकांची हद्द. कबरीही कच्च्या. मातीचा उंचवटा, त्यावर ना दगड ना नाव. चार-सहा पावसाळ्यांत जमीन सपाट होते आणि कालांतरानं तिथं दुसरं कुणी येतं. सरांच्या डोक्यात आलं की या दुसऱ्या मोताळ्यात कबरस्तानही मांडावं, म्हणजे बायकांना निदान तिथं जाता येईल.

गावातले चार बुजुर्ग क्लासात आले. कबरींचा खेळ करता का, त्यांनी विचारलं. त्यांचा राग खरा होता. सरांनी त्यांना खुर्च्यांवर बसवलं, स्वतः त्यांच्याभोवती फिरत राहिले आणि मला पडद्यावर दाखवायला सांगितलं. घुमट नाही, दिवा नाही, फूल नाही. फक्त वीतभर मातीचा उंचवटा आणि नाव. एका हौशी पोरानं आजोबांच्या कबरीला संगमरवर लावला होता, तो सरांनी काढून टाकला तेही सांगितलं. बुजुर्ग बराच वेळ बघत होते. उठताना त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्करानं हळूच विचारलं की आमच्या अम्माची मांडता येईल का.

पण मांडायची म्हणजे नियम आलाच. ज्यांनी दफन करताना मातीत हात घातला होता अशा दोघांना सर वेगवेगळं विचारायचे. दोघांनी एकच जागा सांगितली तरच कबर मांडायची. अंदाजानं काही नाही. सर दुपारच्या उन्हात कबरस्तानात पावलं मोजत फिरायचे आणि वहीत लिहून आणायचे. आतल्या पाण्याच्या पंपापासून इतकी, भिंतीपासून इतकी.

माझे अब्बा मी पाचवीत असताना गेले. सकाळी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि दुपारी त्यांना उचलून आणलं. आम्ही तेव्हा कबरस्तानाच्या मागच्या गल्लीत धाब्याच्या घरात भाड्यानं राहायचो. मला शेजारच्या बाईनं तिच्या घरी नेऊन मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. तिच्या बांगड्या माझ्या दंडाला रुतत होत्या, एवढंच मला त्या दिवसाचं आठवतं. संध्याकाळी घरी आणलं तेव्हा अब्बा नव्हते. अम्मीची इद्दत, नवऱ्यामागं घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला नानीकडे राहायला गेलो. अब्बांचा धाकटा भाऊ, माझा चाचा, सुरतेला निघून गेला.

अब्बा गेले म्हणजे कुठं गेले, हे मला कुणी दाखवलंच नाही. मोठी झाले तरी माझ्या मनात कुठंतरी असायचं की ते निघालेत आणि अजून पोचले नाहीत. मला तेवढा जमिनीचा तुकडा पाहायचा होता. पडद्यावर का होईना. माझी तेव्हाची सगळी तळमळ ती होती, आणि सरांना ती मी पहिल्याच दिवशी सांगितली.

सरांनी मनावर घेतलं. कबर खोदणारा म्हातारा म्हणाला, पश्चिमेच्या भिंतीला बाभळीखाली. चाचा सुरतेहून फोनवर म्हणाला, बाभूळ-बिभूळ काही नाही, पंपापासून उजव्या हाताला वीसेक पावलं. सरांनी दोघांना पुन्हा विचारलं, महिन्यानं आणखी एकदा विचारलं. म्हातारा बाभूळ सोडेना, चाचा पंप सोडेना. तिसऱ्या कुणाला जागा नक्की आठवेना. सरांनी वही मिटली आणि म्हणाले, नाही मांडता येत.

मी त्यांच्याशी भांडले. दोन्हीपैकी एक धरा ना, मी म्हणाले, पडद्यावरची माती आहे सर, तिथं कोण झोपलंय? सर फिरायला निघून गेले. त्या दिवसापासून मी पोरांवर विनाकारण ओरडू लागले. चहा उतू घालू लागले. कशातच मन लागेना.

शेवटी मी चोरी केली. गावाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे होता. एका दुपारी सर बाहेर असताना मी बाभळीखाली वीतभर माती टाकली आणि अब्बांचं नाव लिहिलं. बाभूळ का? म्हातारा रोजच्या कामाचा माणूस, त्याला जास्त माहीत, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण सांगते. तिथं सावली होती.

मग मी अम्मीला दाखवलं. काय पाहतेय हे तिला कळायला वेळ लागला. मी बोटानं चालत तिला फाटकातून आत नेलं, भिंतीच्या कडेनं बाभळीपर्यंत आणलं आणि थांबले. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली. पुढं दर जुम्म्याला, शुक्रवारी, दुपारी मी पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा करायची आणि ती त्याच्यासमोर बसून अब्बांसाठी फातिहाची दुआ वाचायची. मी दारात उभी राहून तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहायची. मला फार बरं वाटायचं, आणि दर जुम्म्याला थोडं जास्त वाईट वाटायचं.

चार महिन्यांनी सरांनी वहीतल्या कबरी आणि पडद्यावरच्या कबरी ताडून पाहिल्या. एक जास्त निघाली. त्यांनी पोरांना लवकर घरी पाठवलं आणि मला विचारलं, हे कोणी मांडलं. मी कबूल केलं, अम्मीच्या फातिहाचंही सांगितलं, आणि वर तेच बोलले की पडद्यावरचीच तर आहे.

'तुही माय बसते ना त्याच्यासमोर फातिहा वाचाले?' सर म्हणाले. 'मंग ते पडद्यावरचं नाही राह्यलं. मी काढत नाही. तूच काढ. पन आधी तिले सांग.'

सांगणार कशी? मी आठ दिवस टाळलं. सर रोज संध्याकाळी क्लास संपताना विचारायचे, सांगितलं का. ओरडायचे नाहीत, तेच मला जास्त झोंबायचं. मला त्यांचा राग यायचा. नियम तुमचे, गाव तुमचं, आणि आईचं मन मोडायचं ते मी. एकदा तर ठरवलं की क्लासच सोडायचा. चप्पल घालून निघालेही, वाटेतून परत आले.

पुढच्या जुम्म्याला अम्मीची फातिहा झाल्यावर मी तिच्याजवळ खाली बसले आणि सांगून टाकलं. की ही जागा खरी नाही, म्हणजे असेलही, पण नसेल, मी आपल्या मनानं मांडली. अम्मी ओढणीच्या पदरानं फोनची काच पुसत होती. ती पुसतच राहिली. मग म्हणाली की तिला माहीत होतं. ते बाभळीखाली नाहीतच. पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हाच कळलं होतं. पण तू एवढ्या मायेनं मांडलंस, आणि फातिहा काय, कुठूनही वाचली तरी पोचते.

तुला कसं माहीत, मी विचारलं.

त्या दिवशी जनाजा दारातून गेल्यावर घरात बायकांची रडारड चालली होती, आणि ही कुणाचं लक्ष नाही पाहून शिडीनं धाब्यावर चढली होती. पालथी पडून, कठड्याच्या आडून, तिनं सगळं पाहिलं होतं. कुठं खोदलं, कुठं उतरवलं, कोण कोण वाकलं. शेवटचा माणूस फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती तिथं होती. धाब्याची माती तापून तिचे कोपर भाजले होते. आठ वर्षं हे तिच्यापाशी होतं, आणि मी, सर, चाचा, म्हातारा, आम्ही सगळे पंप आणि बाभूळ करत बसलो होतो. मी चिडून म्हणाले, मग बोलली का नाहीस?

घरात आम्ही बोलतो त्या बोलीत ती म्हणाली, 'मेरेकू पूछा किसने?'

मी तशीच सरांकडे पळाले. ऐकल्यावर ते भिंतीला हात लावून उभे राहिले. एकेका कबरीसाठी या माणसानं गावातला एकूण एक पुरुष पालथा घातला होता, दमामला फोन लावले होते, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं होतं. हे सगळं बायकांसाठी चाललं होतं आणि एकाही बाईला त्यांनी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं, स्वतःच्या आईला. 'अर्ध्या गावाले आपन इचारलंच नाही, बाई,' सर म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस ते चाचीजानला सोबत घेऊन घरोघर गेले. निघालं काय, तर बऱ्याच जणींनी काही ना काही पाहिलं होतं. कुणी गच्चीवरून, कुणी खिडकीच्या फटीतून, एकीनं तर शेळी शोधायच्या निमित्तानं भिंतीवरून वाकून. वहीची सोडून दिलेली पानं पुन्हा उघडली. पण त्याआधी सरांना अम्मीची जागा पाहायची होती, आणि ती मोजून पाहायची होती.

म्हणून अम्मीनं सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अम्मी आणि मी जुन्या गल्लीत गेलो. धाब्याचं घर पाडून मालकानं स्लॅबचं घर बांधलं होतं. मालकिणीनं कशाला म्हणून विचारलं नाही, अम्मीकडे पाहिलं आणि जिन्याचं दार उघडून दिलं. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. आम्ही त्यांच्या कडेनं कठड्यापाशी गेलो. मी कबरस्तान असं वरून कधीच पाहिलं नव्हतं. पिवळं गवत, मधेमधे उंचवटे, भिंतीला ती बाभूळ. सर फाटकाच्या आत फोन कानाला लावून उभे होते, एकटेच.

अम्मी सरांशी कधी थेट बोलली नव्हती. ती मला सांगायची आणि मी फोनवर. पंपापासून पुढं या. अजून. उजवीकडे. सर चालत होते, मला त्यांच्या पावलांचे आकडे फोनमधून ऐकू येत होते. चाचा म्हणाला होता त्याच बाजूला ते चालले होते. अम्मीनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. थोडं मागं, ती म्हणाली. आता भिंतीकडे. मी ते सांगेपर्यंत सर दोन पावलं पुढं गेले. अम्मीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला.

'बस, भाईजान,' ती म्हणाली.

सर थांबले. त्यांच्या आसपास काहीच नव्हतं, उंचवटाही नाही. नुसतं गवत. त्यांनी वर आमच्याकडे पाहिलं. अम्मी कठड्याला टेकली. मग अगदी हळू, कुणी झोपलेलं उठेल अशा आवाजात, ती फोनवर म्हणाली, 'जरा बाजू सरको, भाईजान. तुम उनके उप्पर खडे हो.'

सर चटकन बाजूला झाले. तेवढी जागा मोकळी झाली, आणि मी ती पाहिली.